ऑक्सिजनचा आकडा चार्टवर येईपर्यंत : छातीच्या वॉर्डातील एक वर्ष

मी नागपुरातील एका धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयात छातीच्या वॉर्डाची प्रभारी परिचारिका आहे. सीओपीडी हा फुप्फुसातील वायुमार्ग कायमचे अरुंद होत जाण्याचा आजार असून आमच्याकडे येणारे बहुतेक जण त्याला आजही ‘दमा’ असेच म्हणतात. या रुग्णांची वॉर्डातील आणि घरी पाठवतानाची काळजी सुधारावी म्हणून आम्ही डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात एक काम हाती घेतले होते. इतर रुग्णालयांतील परिचारिका आणि निवासी डॉक्टर त्याबद्दल अधूनमधून विचारतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न औषधांचा नसतो, परवानगी कोणाकडे मागायची हा असतो. त्यामुळे कागदपत्रांचा तपशील इथे मुद्दाम ठेवला आहे.

नागपूरचा उन्हाळा प्रसिद्ध असला तरी आमचा वॉर्ड भरतो तो थंडीत. रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास आले, शेकोट्या पेटू लागल्या आणि धूर जमिनीलगत साचू लागला की कामठी, सावनेर, उमरेड, काटोल या बाजूंनी धाप लागलेले रुग्ण येऊ लागतात. डिसेंबर २०२३मध्ये दाखल रुग्णांची नोंदवही चाळत असताना आमच्या छातीरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या आणि माझ्या लक्षात आले की तीच नावे महिना-दीड महिन्याच्या अंतराने पुन्हा येत आहेत. भारतात २०१६ साली या आजाराचे सुमारे ५ कोटी ५३ लाख रुग्ण होते, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. त्या मानाने आमचा वॉर्ड अगदी लहान. पण त्या वहीतील माणसे आमच्या ओळखीची होती, आणि त्यांना घरी पाठवताना आपण नेमके काय केले होते, हे केसपेपरवरून कळत नव्हते.

डॉक्टरांनी ब्रिटनमधील एक पद्धत दाखवली. तिथे या रुग्णांना घरी सोडण्यापूर्वी पाच गोष्टी झाल्याची खूण करण्याचा एक संच वापरतात : इनहेलर नीट घेता येतो की नाही हे पाहणे, त्रास वाढल्यास काय करायचे हे लेखी देणे, धूम्रपान सोडण्यास मदत, श्वसन पुनर्वसनासाठी (म्हणजे ठरवून करायच्या व्यायामासाठी) पाठवणे आणि घरी गेल्यावर ठरलेल्या वेळी पाठपुरावा. आम्ही त्यात वॉर्डातील ऑक्सिजनचा विषय जोडला. वैद्यकीय अधीक्षकांना तोंडी सांगितले तेव्हा त्यांनी एकच वाक्य उच्चारले, ‘लेखी द्या.’

मी लिहिलेला पहिला प्रस्ताव अकरा पानांचा झाला होता. अधीक्षकांच्या कार्यालयातील वरिष्ठ लिपिकांनी तो उलटसुलट पाहून सांगितले की दोन पानांपुढे कोणी वाचत नाही. पहिल्या पानावर काय करणार आणि खर्च किती, दुसऱ्यावर कोण करणार, एवढेच असावे. हा सल्ला मी तसाच पुढे देते. आम्ही रुग्णांची माहिती ठेवून नंतर तपासणार असल्याने नीतिशास्त्र समितीचे पत्रही आवश्यक ठरले. उपचारांत नवे काही नाही, मान्य असलेली काळजी नीट दिली जाते का एवढेच पाहायचे आहे, असे स्पष्ट नमूद केल्यास बहुधा संक्षिप्त पुनरावलोकन मागता येते. आम्ही ते मागितले, तरीही बैठक पुढे ढकलली गेल्याने पत्र २७ फेब्रुवारी २०२४ रोजी हाती आले. माहितीपत्रक मराठीबरोबर हिंदीतही असावे अशी समितीची सूचना होती आणि ती रास्त होती, कारण मध्य प्रदेशातील सिवनी-छिंदवाड्याकडून येणाऱ्या रुग्णांची संख्या आमच्याकडे कमी नाही.

ऑक्सिजनचा भाग सर्वांत अवघड जाईल असे मला वाटले नव्हते, पण तोच सर्वांत अवघड गेला. सीओपीडीचा त्रास अचानक वाढलेल्या रुग्णाचे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवावे, त्याहून वर नेऊ नये, हे पुस्तकात सर्वांनी वाचलेले असते. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला की यांपैकी काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. फुप्फुसाच्या ज्या भागांत हवा नीट पोहोचत नाही, तिकडचा रक्तपुरवठा शरीराने आखडून धरलेला असतो. जास्त ऑक्सिजनमुळे तो पुन्हा सैल सुटतो आणि रक्त अशा ठिकाणाहून फिरून येते जिथे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकताच येत नाही. शिवाय ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन स्वतःजवळचा कार्बन डायऑक्साइड सोडून देते. रुग्ण शांत झोपलेला दिसतो, नातेवाइकांना बरे वाटते, आणि प्रत्यक्षात तो गुंगीत जात असतो. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातील होबार्ट येथे रुग्णवाहिकेतील ४०५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. भरपूर ऑक्सिजन दिलेल्या गटाच्या तुलनेत, सॅच्युरेशन पाहून मोजून ऑक्सिजन दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. आमच्या सभेत हा आकडा वाचून दाखवल्यावर शंका घेणाऱ्यांचा सूर बराच बदलला.

तरीही आमच्या उपचार-चार्टवर प्रतिजैविकाची मात्रा, वेळ आणि सही असे, तर ऑक्सिजनपुढे फक्त ‘चालू’ असे लिहिलेले असे. किती द्यायचा हे त्या क्षणी फ्लोमीटरजवळ (ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणाऱ्या नळीजवळ) जो उभा असेल तो ठरवी, मग तो इंटर्न असो, वॉर्डातील मामा असोत वा रुग्णाचा जावई. चार्टवर ऑक्सिजनसाठी वेगळा रकाना छापून घ्यायचा ठरले. छापील नमुना बदलायचा तर त्याला नवा क्रमांक लागतो, क्रमांकासाठी अभिलेख विभागाची संमती लागते आणि त्यानंतर स्टोअर छापखान्याकडे दरपत्रक मागवते. हे होईपर्यंत मार्च संपला, आर्थिक वर्ष बदलले, आणि १९ एप्रिलला नागपुरात लोकसभेचे मतदान असल्याने छापखान्यात आमच्या कामाचा नंबर मागे पडला. शेवटी मी सीताबर्डीवर जाऊन अडीचशे रुपयांत एक रबरी शिक्का करून आणला : ‘ऑक्सिजन. लक्ष्य ८८–९२. साधन. लिटर. सही.’ रुग्णालयाच्या कागदावर शिक्का मारायलाही अधीक्षकांची परवानगी लागते, पण ती एका दिवसात मिळाली. छापील चार्ट मेच्या दुसऱ्या आठवड्यात आले, मात्र शिक्का वापरातून गेला नाही, कारण निळ्या-काळ्या अक्षरांच्या गर्दीत जांभळ्या शाईचा तो चौकोन लगेच डोळ्यांत भरतो. ज्यांना छपाईसाठी थांबावे लागत आहे, त्यांनी आधी शिक्का करून घ्यावा.

लक्ष्य लिहिले तरी ते साधायला योग्य मास्क हवेत. व्हेंचुरी मास्कच्या रंगीत झडपांमुळे २४ किंवा २८ टक्के असा ठरावीक ऑक्सिजन देता येतो. खरेदी समितीने नियमानुसार तीन दरपत्रके मागवली. दर नगामागे १४० ते २२० रुपयांपर्यंत आले आणि अर्थातच सर्वांत स्वस्त निवडण्याकडे कल होता. स्वस्त मास्कबरोबर एकच झडप येत होती आणि ती ४० टक्क्यांची होती. हे केवळ नमुना मागवून पाहिल्यामुळे लक्षात आले, म्हणून नमुन्याचा आग्रह सोडू नये आणि मागणीपत्रातच ‘२४ व २८ टक्क्यांच्या झडपांसह’ असे लिहावे. प्रत्येक झडपेवर किती लिटरचा प्रवाह ठेवायचा तेही कोरलेले असते. रंग मात्र सर्व कंपन्यांचे एकसारखे असतीलच असे नाही, त्यामुळे नवशिक्यांना रंग पाठ करायला न लावता आकडा वाचायला शिकवावे. औषधाची वाफ देण्याबाबतही असाच बदल करावा लागला. आमचे नेब्युलायझर भिंतीतल्या ऑक्सिजनवर चालत असत, म्हणजे मोजून दिलेल्या ऑक्सिजनचा हिशेब दर सहा तासांनी दहा मिनिटे मोडत असे. हवेवर चालणारी दोन यंत्रे सुमारे दोन हजार रुपयांना एक याप्रमाणे घेतली आणि वाफ चालू असताना नाकातील नळी तशीच ठेवू लागलो.

मे आणि जून हे दोन महिने रात्रपाळीचे होते असेच म्हणावे लागेल. दिवसा सर्व नीट चाले. रात्री दोनच्या फेरीत सहा लिटरवर गेलेला प्रवाह सापडे. एकदा मी तो कमी करत असताना रुग्णाचा मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘सिस्टर, आमच्या बाबूजींले इतका दम लागून राहिला अन् तुम्ही ऑक्सिजन कमी काहून करून राहिल्या?’ त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारले असते. त्या रात्रीपासून दाखल करतानाच नातेवाइकांशी बोलायचे ठरवले. मी साधारण असे सांगते : ‘भाऊ, बाबूजींना ऑक्सिजन हे औषध म्हणून दिलंय, त्याचा डोस डॉक्टरांनी लिहिलाय. मशीनवर नव्वद दिसलं तर घाबरू नका, त्यांच्यासाठी ते बरोबर आहे. पण ते जास्त झोपाळू वाटले, बोलणं तुटक झालं, सकाळी डोकं दुखतं म्हणाले, तर मला लगेच बोलवा.’ कोविडच्या काळात चौऱ्याण्णवखाली गेले की धोका, हे घरोघरी इतके पक्के झाले आहे की हा खुलासा केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. सॅच्युरेशन पाहण्यापूर्वी रुग्णाची बोटे उबदार करावीत आणि नखांवर रंग असल्यास पुसावा. थंडीत गार पडलेल्या बोटांवरचे आकडे पाहून विनाकारण ऑक्सिजन वाढवला जातो.

बायपॅपच्या बाबतीत आमच्याकडे अडचण यंत्राची नव्हती, वेळेची होती. धमनीतील रक्ताच्या तपासणीत पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ७.३५च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड वाढलेला असेल, तर घट्ट मास्कने दाब देणारे हे यंत्र लवकर लावल्यास श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ बहुधा टळते, हे १९९०च्या दशकापासून सिद्ध झालेले आहे. पण तपासणीचा नमुना बर्फात घालून तळमजल्यावर नेणे, अहवाल येणे आणि निवासी डॉक्टरांनी तो पाहणे यांत वेळ जाई. अहवाल आल्याबरोबर प्रयोगशाळेतून वॉर्डात फोन करायचा, एवढे ठरवून घेतल्याने बराच फरक पडला. पहिला अर्धा तास मास्क पट्ट्यांनी न बांधता हाताने धरून रुग्णाजवळ थांबले की तो ते सहन करतो. माणसे कमी असलेल्या पाळीत हे जमत नाही, आणि त्यावर आजही आमच्याकडे उत्तर नाही.

जुलैपासून घरी सोडण्याच्या कागदाकडे वळलो. इनहेलर ‘समजावून सांगितला’ अशी नोंद जवळजवळ प्रत्येक केसपेपरवर होती. आम्ही सांगणे थांबवले आणि ‘तुम्ही घेऊन दाखवा’ म्हणू लागलो. त्यानंतर जे दिसले ते थक्क करणारे होते. उमरेडकडील एक आजी पावडरची कॅप्सूल रोज पाण्याबरोबर गिळत होत्या आणि म्हणत होत्या, ‘बाई, या गोळीनं मले काही फरक नाही पडून राहिला.’ कोणी पंप तोंडापासून दूर धरून हवेत उडवत होते, कोणी श्वास आत घेण्याऐवजी त्यात फुंकत होते. पंप असेल तर श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा, पावडरचे उपकरण असेल तर जोरात आणि एका दमात ओढायचा, दोन्ही वेळा दहापर्यंत मोजेतो रोखायचा आणि स्टिरॉइडचा इनहेलर असल्यास नंतर चूळ भरायची, इतके साधे ते आहे. पण दोन प्रकारची उपकरणे एकाच रुग्णाला लिहून दिली की गोंधळ ठरलेला. डॉक्टरांनी त्यानंतर शक्यतो एकाच प्रकारचे उपकरण लिहिण्यास सुरुवात केली. पंप घेणाऱ्यांना स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) हवाच. तो तेव्हा तीन-चारशे रुपयांना मिळत असे. सरावासाठी औषध नसलेली उपकरणे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी देतात, मात्र ती स्वीकारताना स्टोअरमध्ये नोंद करावी, नाहीतर लेखापरीक्षणात प्रश्न येतो. त्रास वाढल्यावर दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्याही आम्ही सोडपत्रावर ‘पाच दिवस, नंतर बंद’ अशा ठळक लिहू लागलो, कारण २०१३ सालच्या स्वित्झर्लंडमधील चाचणीत पाच दिवसांचा कोर्स चौदा दिवसांच्या कोर्सपेक्षा कमी पडला नव्हता, आणि आमचे काही रुग्ण त्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेत होते.

धुराबद्दल विचारण्याची पद्धतही बदलावी लागली. ‘चुलीवर स्वयंपाक करता का?’ या प्रश्नाला बहुतेक बाया ‘नाही, गॅस आहे’ असे उत्तर देतात आणि ते खरेही असते. ‘आंघोळीचे पाणी कशावर तापवता?’ असे विचारले की चूल निघते, कारण सिलिंडर पाण्यासाठी वापरणे परवडत नाही. ज्यांनी आयुष्यात विडी ओढलेली नाही अशा स्त्रियांना हा आजार कसा झाला, याचे उत्तर बहुधा त्या चुलीशी असते. पुरुषांकडे विडी सुटली तरी खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) सुरू होतो, आणि तो सुटलेला नसताना ‘तंबाखू सोडला’ अशी खूण करणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाईनचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक आम्ही सोडपत्रावर छापला आहे. शक्य असेल तेव्हा पहिला फोन वॉर्डातूनच लावून देतो, कारण घरी गेल्यावर तो लावला जात नाही.

पाठपुराव्याचा फोन ७२ तासांच्या आत करायचा होता. ऑगस्टमध्ये सुरुवात केली तेव्हा केसपेपरवरील क्रमांक पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाचा किंवा दाखल करायला आलेल्या शेजाऱ्याचा निघू लागला. आता घरी सोडताना ‘बाबूजींच्या जवळ रात्री कोण असते’ असे विचारून त्या व्यक्तीचा क्रमांक घेतो आणि तिथेच एकदा फोन वाजवून पाहतो. फोन वॉर्डाच्या दूरध्वनीवरून करायचा की परिचारिकेच्या मोबाइलवरून, आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, यावर दोन टिपण्या फिरल्या. अखेर न्यासाने वॉर्डासाठी एक साधा मोबाइल दिला. दोन आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागात बोलावलेल्यांना पुन्हा केसपेपरच्या रांगेत उभे राहावे लागू नये म्हणून सोडपत्रावरच तारीख टाकून त्याची एक प्रत खिडकीवर आधी पाठवतो. सोयाबीनच्या हंगामात मात्र तारखा पाळल्या जात नाहीत, हे गृहीत धरलेले बरे.

पुनर्वसनासाठी सहा मिनिटे चालण्याची चाचणी करावी लागते आणि तिला तीस मीटरची सपाट, मोकळी वाट लागते. आमच्या रुग्णालयात एवढी लांब जागा बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यातच होती आणि तिथे दुपारपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. फिजिओथेरपीच्या ताईंनी दुपारी चारनंतरची वेळ ठरवली, दोन्ही टोकांना पिवळी पट्टी चिकटवली आणि सुरक्षारक्षकांना सांगून बाके भिंतीला लावून घेतली. या बदलाला एक रुपयाही लागला नाही. मात्र आठवड्यातून दोनदा व्यायामाला यायचे तर गावाहून बसभाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि उन्हाळ्यात दुपारचा प्रवास, या तिन्हींपुढे आमचे आग्रह फिके पडतात. म्हणून घरी करायचे व्यायाम चित्रांसह एका पानावर दिले. खुर्चीवरून उठ-बस, ओठ आवळून सावकाश श्वास सोडणे आणि रोज थोडे अधिक चालणे, इतकेच.

घरी ऑक्सिजन लावण्याबाबत नातेवाईक सर्वाधिक विचारतात, म्हणून तेवढे सविस्तर सांगते. आजार स्थिर झाल्यावरही ज्यांचे सॅच्युरेशन ८८ किंवा त्याखाली राहते, त्यांना दिवसातून किमान पंधरा तास ऑक्सिजन दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१च्या दोन अभ्यासांत दिसले. थोडेसेच कमी सॅच्युरेशन असलेल्यांना तसा लाभ झाला नाही, असे २०१६च्या मोठ्या चाचणीत आढळले. त्यामुळे दाखल असतानाचा आकडा पाहून यंत्र विकत घेऊ नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. नागपुरात पाच लिटरचे कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) महिना तीन-साडेतीन हजार रुपये भाड्याने मिळाल्याचे आमच्या रुग्णांनी सांगितले. भाड्यापेक्षा विजेचा हिशेब लोक विसरतात : ३५० वॅटचे यंत्र पंधरा तास चालले तर दिवसाला सव्वापाच युनिट, म्हणजे महिन्याला दीडशेहून अधिक. वीज गेल्यास एक सिलिंडर घरात हवा, आणि यंत्र देवघरापासून, गॅसपासून आणि विडीपासून दूर हवे.

जानेवारी २०२५मध्ये व्यवस्थापनासमोर आढावा ठेवला. ऑक्सिजनचे लक्ष्य आता बहुतेक चार्टवर लिहिलेले असते आणि इनहेलर घेऊन दाखवल्याशिवाय सहसा कोणी घरी जात नाही. परत दाखल होणे मात्र म्हणण्यासारखे कमी झालेले नाही. ब्रिटनमध्येही अशा संचाने ते कमी होईलच असे दिसलेले नाही, हे आम्ही आढाव्यात लिहिले. फ्लूची लस तेव्हा दीड-दोन हजारांची आणि न्यूमोनियाविरोधी न्यूमोकोकलची त्याहून महाग असल्याने ‘लस सुचवली’ या खुणेपुढे ‘घेतली’ची खूण क्वचितच येत होती. एका विश्वस्तांनी मग एवढे करून उपयोग काय, असे विचारले. डॉक्टरांनी त्यांना रात्रीचे रक्ततपासणीचे जुने-नवे अहवाल शेजारी ठेवून दाखवले, आणि लशींसाठी वेगळा निधी मागण्याची सूचना त्यांच्याकडूनच आली.

डिसेंबरमध्ये आमच्या खाटा भरल्या की हे रुग्ण मेडिसिनच्या वॉर्डात जातात, आणि जानेवारी २०२५पर्यंत तरी तिथे ऑक्सिजनपुढे ‘चालू’ एवढेच लिहिले जात होते. काम त्या वॉर्डातही सुरू करावे असा दोन पानांचा अर्ज मी दिला. मेट्रन मॅडमांनी त्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला आणि बैठक फेब्रुवारी २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात ठरली. तोपर्यंत दोन्ही वॉर्डांत मिळून शिक्का एकच असल्याने तो कोणाकडे आहे, हे प्रत्येक पाळीच्या ओव्हरमध्ये (पुढच्या पाळीला काम सोपवतानाच्या नोंदीत) लिहावे लागत होते.